डावी बाजू

माझा दोस्त एकाहत्तरची लढाई करून पिंगळीला परत आला, तो लय गप्प होऊन. आमी लहानपणापासूनचे सोबती. जोडीतल्या बैलासारखी माझी जागा त्याच्या उजव्या अंगाला ठरलेली. आता मी तासभर बोललो तरी तो नुसती मान हलवायचा. मला वाटलं, मिलिटरीचा ताठा.

मग त्याच्या पलटणीतला एकजण साताऱ्याकडून भेटायला आला. नाव सांगितलं होतं. मी मुद्दाम ध्यानात ठेवलं न्हाई. पारावर तो सरळ दोस्ताच्या डावीकडं बसायचा, अर्धी ओढलेली विडी त्याच्या हातात द्यायचा आन् हळूच काहीतरी सांगायचा. दोस्त खदखदून हसायचा. मी आतल्या आत जळायचो.

जायच्या दिवशी स्टेशनात दोस्त तिकीट काढायला गेला, तेव्हा तो पाहुणा मला म्हणला, "भाऊ, याच्या डाव्या अंगाला बसत जावा. उजवा कान तोफेनं गेलाय. गावात सांगायला लाजतोय."

गाडी गेल्यावर मी डावीकडून चाललो. दोस्त घरापर्यंत बोलत राहिला.

पुढं तो माणूस मरेपर्यंत दरसाल आला. तो आला की मी डावी बाजू सोडायचो. एकदाबी खुशीनं न्हाई.