परिपत्रकाचं दुसरं पान

ती निवडणूक आठवली की माझाच भोंगा आजही माझ्या कानात वाजतो.

नव्वदच्या दशकात राज्याच्या नव्या कायद्यानं ग्रामपंचायतीची मतदान केंद्रं चालवायची रीत बदलली. गारगोटीच्या पुढच्या एका गावात केंद्र चावडीतून शाळेत गेलं. मी नवा फौजदार. जीपवर भोंगा बांधून परिपत्रकाचं पहिलं पान खणखणीत वाचलं. ऊन वाढलं म्हणून दुसरं खिशात घातलं आणि पदरचं ठोकून दिलं, "बाकीचं सरकारी माणूस घरी येऊन सांगेल!"

मतदानादिवशी दुपारी शाळेच्या फाटकावर बौद्ध वस्तीतल्या बायका आल्या. त्यांच्यातलीच एक मजूर बाई निवडणुकीला उभी होती. बघतो तर सगळ्यांच्या बोटांना आधीच शाई! मी गरजलो, "दोनदा मत देताय? आत टाकीन!"

बायका माघारी फिरल्या. एक म्हातारी तेवढी अडली. "काल सरकारी माणूस आल्ता की सायेब! नव्या कायद्यानं मत घरातच, म्हणाला. अंगठा घेतला, शाई लावली. सून म्हणाली असं नसतंय, म्हणून आलो. माणूस येनार म्हून तुमीच भोंग्यावर वरडलासा न्हवं?"

खिशातलं पान उलगडलं. पहिलीच ओळ: मतदान केंद्रातच होईल, कोणीही घरी येणार नाही.

केंद्राध्यक्ष म्हणाले, "शाई असताना मतपत्रिका देता येत नाही. फसवणूक झाली हे आधी सिद्ध करा."

त्या बाईच्या विरोधातल्या पॅनेलचा एक कार्यकर्ता सकाळपासून बंदोबस्ताला चहा देत होता. डाव्या हातानं. आमच्याकडं पावण्याला डाव्या हातानं चहा देतंय कोण? उजवा हात खिशातून बाहेर काढायला लावला. तीन बोटं काळी.

"बॅटरीचं काम केलंय, सायेब."

"मग लपवतोस कशाला?"

म्हातारीला समोर आणलं. "ह्योच की! माझ्या घरचं पाणी पिऊन गेला, मुडद्या."

जबाब, पंचनामा सगळं नियमानं झालं. पंचांची सही घेऊन बाहेर आलो, तर शिपाई फाटक लावत होता. मतदानाची वेळ संपली होती, बायका बाहेरच राहिल्या.

ती बाई पडली. शाई लावलेल्या बोटांपेक्षा कमी मतांनी.

कोर्टात त्याच्या वकिलानं मलाच विचारलं, "घरी माणूस येईल, हे जाहीर कुणी केलं?" "मीच," असं कबूल करावं लागलं. संशयाचा फायदा मिळून आरोपी सुटला.

नोकरीत एवढं कळलं, की लोक कायदा वाचत नाहीत. तो वाचून दाखवणाऱ्या वर्दीवर विश्वास ठेवतात.

कोर्टाच्या निकालादिवशी घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, "तुम्ही अर्धंच वाचता हे मला ठाऊक हाय, म्हणून घरातला कागद मी परत वाचते. त्या बायकांनी काय करायचं हुतं?"