प्रार्थनेत लागलेली झोप

त्या वर्षांत माझी पक्की समजूत होती की मुळशी खोऱ्यात देवाचं राज्य यायचं ते माझ्याच सायकलवरून. मी नवा पाळक. धरणाकाठची आमची मंडळी म्हणजे मोजकी ख्रिस्ती घरं, तीही विखुरलेली. एक घर कासार आंबोली गावात, तर दुसरं पार घाटाच्या तोंडाशी. कुणाचं मूल तापलं, कुठे सासू-सून भांडल्या, की मी निघालोच. देवळाची घंटा मी वाजवायचो, पेटी मी वाजवायचो, उपदेश माझा आणि प्रार्थनाही माझीच. दुसऱ्या कुणी तोंड उघडलं तर भाषा अशुद्ध होईल अशी मला धास्ती. जणू देव सदाशिव पेठेत राहत होता!

हळूहळू मी वाळून काटकी झालो. बायकोवर खेकसू लागलो. रविवार नकोसा वाटू लागला. शेवटी तिला सांगून टाकलं, "भात निघालं की हे काम सोडू. माझ्यात आता काही उरलं नाही."

पुढच्याच रविवारी मी उपदेशाला विषय घेतला: आपला भार देवावर टाका. टेबलावर मुठी आपटत, घसा बसेपर्यंत बोललो. लोका सांगे ब्रह्मज्ञान म्हणतात ते हेच. फक्त माझं ब्रह्मज्ञान ख्रिस्ती होतं.

मग गुडघे टेकून, कपाळ खुर्चीला लावून मोठी प्रार्थना सुरू केली. आमच्यात एक शिस्त होती, मीच लावलेली: पाळकाने आमेन म्हटल्याशिवाय कुणी डोळे उघडायचे नाहीत. आजारी, विधवा, परीक्षेला बसलेले, एकेकासाठी विनवत गेलो आणि धरणावरच्या कामगारांपाशी मला झोप लागली.

मंडळी डोळे मिटून बसून राहिली. पाळक मौनात आहे असं आधी सगळ्यांना वाटलं म्हणे. मग मी घोरू लागलो.

जाग आली ती एका आवाजाने. मागच्या भिंतीला टेकून बसणारी म्हातारी, जिला मी कधी प्रार्थना करू दिली नव्हती, ती बोलत होती.

"देवा, आमचं पाळकसायब लई दमल्यात. समदं तू करतुयास म्हनून आमाला सांगत्यात, पन तुला काय बी करू देत न्हाईत. त्यांना वाईच निजू दे. हितलं आमी बगतो, आन् तू हायेस की. आमेन."

सगळ्यांनी दबक्या आवाजात आमेन म्हटलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उठायचा धीर होईना, म्हणून झोपेचं सोंग घेऊन तसाच राहिलो. पावलं न वाजवता माणसं बाहेर पडली. मग मात्र मला रडू फुटलं, आणि कितीतरी दिवसांनी मी स्वतःसाठी काही मागितलं. "देवा, संध्याकाळची सभा तू बघ," एवढंच.

घरी येऊन आडवा झालो. संध्याकाळी देवळातून गाणं ऐकू आलं. पेटीशिवाय गात होते, सूर भलताच चढा लागला होता आणि मधलं एक कडवं सरळ गाळलं होतं. बायको दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती, आता हा उठून धावतो की काय म्हणून.

"भात निघालं की जायचं ना?" तिने विचारलं.

"राहू या इथेच," मी म्हणालो आणि कूस बदलली.