भरत आलेली जखम

दादाला सगळा बाजार काचवाला म्हणूनच ओळखतो. खिडक्यांच्या, फोटोंच्या, टेबलांच्या काचा तो कापतो आणि त्या काचांनीही आयुष्यभर त्याला कापलंय. रक्त आलं की बोट तोंडात घालायचं, चिंधी गुंडाळायची आणि पुढच्या गिऱ्हाइकाशी हुज्जत घालायला मोकळा. वहिनी गेल्यापासून त्याचं घर मी, त्याची धाकटी बहीण, बघते. म्हणजे त्याच्याशी भांडायचं खातंही माझ्याकडेच आलं.

आतड्यात गाठ निघाली तेव्हा मात्र आम्हा दोघांच्याही तोंडचं पाणी पळालं. डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. गाठीला वाढायला रक्त लागतं, म्हणून ती स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या तयार करते. त्याही कशा, तर वेड्यावाकड्या आणि झिरपणाऱ्या. त्यामुळे केमोचं औषध गाठीच्या आत नीट पोचत नाही. म्हणून सोबत दुसरं इंजेक्शन, या वाहिन्यांना आवर घालणारं. "पण जखम भरायलाही नव्या वाहिन्याच लागतात," त्या म्हणाल्या. "कुठे कापलं तर लगेच सांगा. इंजेक्शन थांबवावं लागेल."

इंजेक्शन थांबेल एवढंच दादाने ऐकलं. पुढे काम करताना अंगठा कापला, तेव्हा त्याने तोंडाला कुलूप लावलं.

तो डाव्या हाताने जेवताना दिसला तेव्हा मला संशय आला. चिंधी सोडली तर चीर ओलीच, जणू आत्ताच कापलंय.

"कधी कापलंस?"

"झाले बरेच दिवस."

"आणि गप्प बसलास? अक्कल गहाण टाकलीस की काय?"

"ओरडू नकोस गं. भरत नाहीये, म्हणजे औषध लागू पडलंय. इथे भरत नाही, तर तिथेही वाढत नसणार."

किती खूश दिसत होता! मला त्याच्या आजारापेक्षा त्या हसण्याचीच भीती वाटली. तसंच त्याला उठवून दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाईंनी चांगलंच फैलावर घेतलं. "अंगठ्यावरून गाठीचं कळत नाही, काका. ते स्कॅनमध्ये कळेल. जखम पूर्ण भरेपर्यंत इंजेक्शन बंद."

मग रोज सकाळी मी पट्टी सोडायची आणि तो दुसरीकडे बघायचा. एके दिवशी चिरेवर कोरडी खपली दिसली.

"भरली रे!" मी ओरडले.

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. "म्हणजे आता तिकडेही..."

"बाई काय म्हणाल्या? अंगठ्याचा नि गाठीचा संबंध नाही!" मी आवाज चढवला खरा, पण भीती मलाही होती. इंजेक्शन बंद होतं. तेवढ्या काळात ती मेली गाठ आत काय करत असेल, कोण सांगणार?

दुपारी चहा घेऊन दुकानात गेले, तर तो उभ्या काचांच्या मागे स्टुलावर बसलेला. नखाने खपली काढत होता. रक्त मनगटापर्यंत आलं होतं.

"दादा!"

"थोडीशीच उघडतो गं," तो म्हणाला. "थोडीशीच."

मी चहा खाली ठेवला आणि त्याचा अंगठा माझ्या मुठीत घट्ट दाबून धरला. बऱ्याच वेळाने मूठ सोडली.

"बघ, थांबलं," मी म्हणाले.

"थांबलं," तो म्हणाला आणि ढसाढसा रडायला लागला.