सोनटक्क्यांचा रुमाल

बागेतल्या बाकावर सोनटक्क्यांनी शेजारची जागा रुमाल टाकून धरली होती, एसटीत धरतात तशी. एक गृहस्थ बसू लागले, तर हे म्हणाले, "माणूस यायचाय."

तो माणूस मी! माझे पाय फाटकातच थबकले. रस्ता रुंद करायला कोपऱ्यावरचा वड तोडावा, असं सोनटक्क्यांचं मत. रस्ता वळवावा, असं माझं. त्यावरून आम्ही काल असे भांडलो की बागेतली कबुतरं उडाली. "उद्यापासून तुमचं तोंड पाहणार नाही!" असं टाळीचं वाक्य फेकून मी निघालो खरा, पण घरी पोचेपर्यंत मनात आलं, इतक्या वर्षांचा सोबती गेलाच म्हणायचा.

मी जवळ जाऊन विचारलं, "रुमाल कुणासाठी?"

"तोंड न पाहणाऱ्यासाठी. बसा. तिकडे तोंड करून बसलात तरी चालेल."

मी बसलो.

"तुमचं मला अजून पटलेलं नाही," ते म्हणाले. "पण त्या वडाचं तुम्हाला एवढं काय, ते सांगा बघू पहिल्यापासून."

मी सांगू लागलो. ते मध्येच "मग?" म्हणत, एकदा तर "हे नव्हतं हो माझ्या लक्षात आलं." मला भरून आलं. माझ्याशी सहमत असलेली मंडळी माझं वाक्य अर्ध्यावर असतानाच मान डोलावून मोकळी होतात. शेवटपर्यंत ऐकणारा मला मिळाला तो हा विरोधकच.

माझं संपल्यावर मी म्हटलं, "आता तुम्ही बोला, सोनटक्के." आणि बाकावर चांगली मांडी घालून बसलो.