मिस्त्रीचं बोट

गेले सहा महिने मिस्त्री बटणांचा शर्ट घालत नव्हता. कुणी विचारलंच तर म्हणायचा, "उकडतं." थंडीतही उकडायचं त्याला. खरं कारण फक्त मुलीला ठाऊक होतं. एका सकाळी बाप आरशासमोर उभा राहून गळ्याजवळचं एकच बटण काजात घालत होता, आणि ते जाईपर्यंत स्वयंपाकघरात दूध उतू गेलं होतं. तिने दूध पुसलं, ओटा पुसला.

सव्वीस वर्षं त्याने एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या वर्कशॉपमध्ये काढली. त्यातली अठरा हवेच्या गनवर. ही गन थडथडत चाकाचे नट चुटकीसरशी काढते, ते सगळ्यांना दिसतं. धरणाऱ्याच्या हातातून ती काय काढून नेते, ते बघायला कुणाचा बाप येत नाही. आधी बोटांना मुंग्या आल्या. मग एक दिवस मुंग्याही गेल्या, स्पर्श घेऊन. कंपनीच्या डॉक्टरने हाताला हात न लावता कागदावर लिहिलं, 'वयोमानानुसार'. वय होतं एक्कावन्न. त्याच आठवड्यात, त्याच पेनाने, डॉक्टरने आणखी चौघांना म्हातारं केलं. चौघेही गनवाले. हा योगायोग ज्याला पटतो त्याने खुशाल पटवून घ्यावा.

नोकरी सुटली, मिस्त्री घरी बसला. बसला म्हणजे अक्षरशः बसला, खिडकीजवळच्या खुर्चीत. खालून जाणाऱ्या गाड्यांचे आवाज ऐकायचा आणि भिंतीला सांगायचा, "याचा क्लच गेला." भिंत बिचारी ऐकून घ्यायची.

मग मुलीने नवी कोरी पिकअप घेतली आणि नाक्यावरच्या स्टँडवर लावायला लागली. तिथे आणखी अकरा गाड्या. स्टँडचा एक अध्यक्ष होता. त्याला कुणी निवडून दिलं नव्हतं, पण तिथली एकमेव खुर्ची त्याची होती. नव्या गाडीचं पहिलं ऑइल बदलायची वेळ आली, तेव्हा तोच घरी आला.

"मिस्त्री, शोरूमवाले गाडी दोन दिवस अडकवून ठेवतात. दोन दिवस आम्ही काय माश्या मारायच्या? पोरीच्या गाडीचं ऑइल तुम्ही बदला, आमच्या सगळ्यांच्या समोर. काम चोख झालं तर अकराच्या अकरा गाड्या तुमच्या. स्टँडमागची शेडही तुमची."

"कधी?" मिस्त्री खुर्चीतून उठून उभाच राहिला होता.

बोटांबद्दल तो काही बोलला नाही. मुलगीही बोलली नाही. बापाला भिंतीशी बोलताना बघण्यापेक्षा हे बरं, असं तिला वाटलं.

सकाळी आठला स्टँडवर सगळे जमले. मुलीने इंजिन पाच मिनिटं चालवून गरम केलं. मिस्त्रीने जमिनीवर पुठ्ठा अंथरला, पाने ओळीने मांडले आणि गाडीखाली सरकला.

"डोळ्यात तेल घालून काम करा हं मिस्त्री!" अध्यक्षाने खुर्चीतूनच हाळी दिली.

"डोळ्यात घातलं तर इंजिनात काय घालू, तुझं डोकं?" खालून आवाज आला.

सगळे खो खो हसले. मिस्त्रीच्या आवाजात इतक्या दिवसांनी धार आली होती.

चेंबरचा नट सुटला आणि जुनं ऑइल भसकन खाली आलं. चांगलं गरम होतं. त्याच्या मनगटावरून, बोटांवरून वाहत गेलं. हात जागचा हलला नाही.

"बाबा, पोळत नाही?" मुलगी वाकून म्हणाली.

"मिस्त्रीचा हात आहे हा, आइस्क्रीमवाल्याचा नाही."

पुन्हा हशा पिकला. ती हसली नाही.

ऑइल निथळलं. नवी वायसर घालून त्याने नट बसवला आणि फिल्टरला हात घातला. तो हट्टी होता, पट्ट्याचा पाना लावून काढावा लागला. आता एकच बघायचं असतं. फिल्टरच्या तोंडाला रबराची रिंग असते, ती कधी कधी निघत नाही, वर इंजिनलाच चिकटून राहते. काळ्यावर काळी, दिसत नाही, आणि तशीच राहिली तर ऑइल गळतं. वर्कशॉपमध्ये मिस्त्री नव्या माणसाला पहिल्या दिवशी हेच शिकवायचा: बोट फिरव.

"बॅटरी दाखवू, बाबा?"

"बॅटरी कशाला? बोट आहे ना."

त्याने बोट फिरवलं. पूर्ण गोल, सावकाश. सव्वीस वर्षं हे बोट त्याला सगळं सांगत आलं होतं, रिंग अडकलीय, कचरा आहे, चरा पडलाय. आज ते काहीच बोललं नाही. आणि बोट बोललं नाही म्हणजे सगळं साफ, ही सव्वीस वर्षांची सवय.

"साफ!" तो ओरडला.

बॅटरी मुलीच्या खिशात होती. पण अकराजण बघत होते, आणि त्यांच्यासमोर बापाचा शब्द खाली कसा पाडायचा? तिने ती बाहेर काढली नाही.

नवा फिल्टर बसला, नवं ऑइल भरलं. ऑइल मोजायची काडी बघितली, बरोबर खुणेवर. इंजिन पहिल्या चावीला सुरू झालं. अध्यक्ष चक्क खुर्चीतून उठला. "मानलं! शेडचं कुलूप आजच काढतो."

मुलीने गाडी चार हात पुढे घेतली. मागे जमिनीवर मधाच्या रंगाचा पट्टा उमटला. आधी बोटभर, मग हातभर. "बंद कर! बंद कर!" एकच आरडाओरडा झाला. तिने चावी फिरवली.

मिस्त्री पुन्हा खाली जायला निघाला, तोवर मुलगी स्वतःच खाली शिरली होती. बॅटरी लावली, फिल्टर सोडवला. दोन रिंगा. जुनी वरच चिकटलेली, तिच्यावर नवी चढवलेली. तिने जुनी नखाने सोडवली आणि मुठीत लपवली.

बाहेर येऊन ती बापाला खेटून उभी राहिली आणि पाठीमागून रिंग हळूच त्याच्या तळहातात सरकवली. त्याला चूक कळावी, त्याने मूठ मिटावी, पुढचं ती बघून घेणार होती.

"फिल्टरच खराब निघाला," ती मोठ्याने म्हणाली. "दुकानदाराने फसवलं."

"असं होय?" अध्यक्षाचा जीव भांड्यात पडला. "मग मिस्त्रींचा काय दोष?"

मिस्त्रीने लेकीकडे पाहिलं. दुकानदाराने फसवलं, हे त्यालाही खरंच वाटलं. तो ताठ झाला.

"बघितलंत?" असं म्हणत त्याने दोन्ही हात पुढे पसरले. "माझ्या कामात खोट नव्हती!"

आणि त्याच्या उघड्या हातातून रिंग सगळ्यांच्या पायाशी पडली.

ड्रायव्हर माणसाला रिंग कसली, ते सांगावं लागत नाही. कुणी हसलं नाही. हसले असते तर मिस्त्रीने शिव्या हासडल्या असत्या, तेवढं तरी झालं असतं.

तो खाली वाकला. रिंग चिमटीत धरायला गेला, निसटली. पुन्हा धरली, पुन्हा निसटली. तिसऱ्यांदा बोटं मिटली आणि तो सरळ झाला. चिमटीत काही नव्हतं, हे त्याला डोळ्यांनी बघितल्यावर कळलं.

शेवटी अध्यक्षाने वाकून ती उचलली आणि गाडीच्या बॉनेटवर ठेवली.

"तुम्ही बसा, मिस्त्री," तो म्हणाला आणि आपली खुर्ची पुढे ओढली.

मुलगी लांब जाऊन शोरूमला फोन लावत होती. मिस्त्री खुर्चीत बसला. एकेक ड्रायव्हर आपापली गाडी काढून निघाला. तिसरीचा क्लच गेला होता. ते त्याने कुणालाच सांगितलं नाही.