पाण्यावरचा हात

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तुम्हाला का सांगतोय — तेही नीट कळत नाही.

मी नगरला सावेडीत राहतो. शाळेत चित्रकला शिकवायचो. जुनी पोस्टकार्डं जमवायचा नाद आहे — येशू, मरिया, देवदूत यांची चित्रं असलेली, मिशनच्या काळात परदेशातून इकडे आलेली. मी ख्रिस्ती नाही. मला त्यातले रंग आवडतात, एवढंच — असं मी सगळ्यांना सांगायचो.

मार्थामावशी माझ्या मित्राची मावशी. संगमनेरजवळच्या गावात एकटी राहायची. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेलेले. तिच्या भिंतीवर फ्रेममध्ये एक पोस्टकार्ड होतं — काळं पाणी, त्यावर उभा येशू, आणि बुडणाऱ्या माणसाकडे पुढे केलेला त्याचा हात. तसं कार्ड मी कुठेच पाहिलं नव्हतं. मावशीची मुलगी रूथ लहानपणीच प्रवरा नदीत बुडाली होती. दिवेलागणीला मावशी काचेवर तळवा टेकवून उभी राहायची.

"त्या हातात माझी रूथ हाय, सर," ती मला म्हणाली. "तळवा लावला की तिचा श्वास हाताला लागतो."

मी कार्ड मागितलं. ती नाही म्हणाली. निघताना मी मोबाईलवर त्याचा फोटो काढला — कशासाठी? मला तेव्हाच ठाऊक होतं. नगरला जाड कागदावर त्याच मापाची रंगीत प्रत काढून घेतली. पुढच्या खेपेला ती चहा टाकायला आत गेली आणि मी फ्रेमच्या मागचे खिळे वाकवले. स्टोव्हचा आवाज थांबायच्या आत काम झालं. मग चहा प्यालो. छान झालाय म्हणालो.

घरी कार्ड अल्बममध्ये लावलं. काही दिवसांनी ते पान ओलसर लागायला लागलं. बाकीची सगळी कोरडी, हेच एक ओलं — तेही नगरच्या उन्हाळ्यात. मी पान बदललं. नवं पानही ओलावलं.

मग मित्राचा फोन आला. मावशीनं जेवण सोडलं होतं आणि ती माझं नाव घेत होती. आम्ही दोघं गेलो. ती फ्रेमखाली बसली होती.

"सर, तुमाला चित्रातलं कळतं. बघून सांगा — तो हात हाय ना तिथं? शेजारच्या बाया म्हनत्यात, हाय. मला काच नुसती गार लागती. रूथ लागत न्हाई."

खरं कार्ड माझ्या पिशवीत होतं. परत ठेवायलाच नेलं होतं — निदान मी स्वतःला तसं सांगितलं होतं. पण मित्र शेजारी उभा. त्याच्यादेखत कसं काढायचं? मी फ्रेमकडे बघितलं आणि म्हणालो, "आहे, मावशी. होता तसाच आहे."

ती उठली, काचेला तळवा लावला आणि काढून घेतला.

"मग तिनंच हात सोडला म्हनायचा," ती म्हणाली.

त्यानंतर ती फ्रेमजवळ गेली नाही. पावसाळ्याच्या आधीच वारली. मित्रानं ती फ्रेम पेटीत तिच्या छातीवर ठेवली. पाळकांची प्रार्थना चालली होती, तेव्हाही मला बोलता आलं असतं. पेटी बंद झाली. सगळ्यांनी मूठ मूठ माती टाकली. मीही टाकली.

कबरस्तानाच्या फाटकाशी मित्रानं माझा हात धरला. "शेवटी तुझ्या शब्दाचा तिला आधार झाला," तो म्हणाला.

मी मान डोलावली.