सॉल्ट लेकमधला रावण

आम्ही कोकण सोडलं त्या सकाळी कुडाळ स्टेशनवरचा सगळा फलाट आत्मादाकडे बघत होता. जत्रेतला दशावतार आटोपून तो थेट मला पोचवायला आला होता. अंगात शर्ट-पँट, पण तोंडावर रावणाचा रंग तसाच आणि भुवया कपाळभर. एका लहान मुलीने त्याला पाहून भोकाड पसरलं. आत्मादाने तिला डोळा मारला आणि मला म्हणाला, "राणये, घोव बायलेक घेवन जाता असा ऐकलेला. हंय बायल घोवाक घेवन चलली."

त्याचं काही चुकत नव्हतं; नवराच बायकोच्या मागून निघाला होता. बायकोला बँकेत बढती मिळाली आणि बदली झाली कोलकात्याला. मी कुडाळात झेरॉक्सचं दुकान चालवायचो आणि कार्तिक लागला की दशावतारात राण्या व्हायचो. कितीतरी वर्षं आत्मादा रावण आणि मी मंदोदरी. त्यामुळे तो मला भर मासळीबाजारातही 'राणये' अशीच हाक मारायचा, आणि मीही ओ द्यायचो.

गाववाल्यांनो, तुम्ही आमच्यावर प्रेम केलंत, मी नाही म्हणत नाही. रात्रभर बसून आम्हाला बघायचात. पण सकाळी चहाच्या टपरीवर विचारायचात, "बाकी धंदो काय करतस?" माझे वडील तर सांगून ठेवायचे, "तोंडाक रंग लावचो तर लाव, पण सोयरिकीच्या बोलण्यात सांगा नको." लग्नाच्या बोलण्यांत मी झेरॉक्सवालाच होतो. बायकोला मंदोदरी कळली ती लग्नानंतर, माझ्या कपाटात तिच्यापेक्षा जास्त साड्या निघाल्या तेव्हा.

सॉल्ट लेकमध्ये आल्यावर खालच्या मजल्यावरचे घोषबाबू भेटले. खिदिरपूरच्या गोदीतून निवृत्त झालेले, शंकेखोर गृहस्थ. नवरा दिवसभर घरी कसा, हे त्यांना उलगडत नव्हतं. बायकोने सांगून टाकलं, "ये कलाकार हैं. नाटक करते हैं."

घोषबाबू खुर्चीतून उठले. "शिल्पी? बोशून दादा, बोशून," असं म्हणत त्यांनी आपली खुर्ची मला दिली. शिल्पी म्हणजे बंगालीत कलाकार. दुसऱ्या दिवशी मिठाईवालाही मला 'शिल्पी दादा' म्हणू लागला. रसगुल्ला एक मागितला तर वाटीत दोन यायचे. काहीही न करता मी मोठा कलाकार झालो होतो, आणि खोटं कशाला बोलू, मजेत होतो.

मग मराठी मंडळाच्या गणपतीत मला दुपारचा कार्यक्रम मिळाला. ज्यांनी दशावतार पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडे कथा ठरलेली असते, संवाद लिहिलेले नसतात. रंगमंचावर एक लाकडी बाकडं, दोन माणसं. समोरचा काय बोलेल ते ठाऊक नसतं; तो बोलतो, आपल्याला सुचतं, आपण बोलतो. एकट्याने करायचा हा खेळच नव्हे. मी तो एकट्याने केला. उजवीकडे वळलो की रावण, पदर घेऊन डावीकडे वळलो की मंदोदरी.

मंदोदरी विचारते, "महाराज, दहा तोंडं तुमची, त्यातलं एकही खरं बोलत नाही?" रावण म्हणतो, "नऊ तोंडं दरबाराची. दहावं तुझ्यासाठी राखलं होतं. तू कधी विचारलंच नाहीस."

पहिल्या रांगेत बसलेल्या, भाषा न कळणाऱ्या घोषबाबूंनी चष्मा पुसला. मंडळाच्या अध्यक्षांनी शाल घालताना विचारलं, "हे संवाद तुमचेच?" मी नम्रपणे मान लववली. अशी मान लववायला मी राण्या करून करून शिकलो आहे.

रावणाचं ते वाक्य आत्मादाचं होतं. एका जत्रेत त्याला ते उभ्या उभ्या सुचलं होतं आणि मला त्यावर उत्तरच सापडलं नव्हतं.

कोणीतरी फोनवर चित्रण केलं होतं. ते फिरत फिरत गावात पोचलं, आणि जत्रांचे दिवस सुरू झाल्यावर एका दुपारी आत्मादाचा फोन आला.

"राणये, शाल गरम आसा?"

"आत्मादा, चुकला माझा. वाक्य तुझा म्हणान सांगूक व्हया होता."

"वाक्याचा काय घेवन बसलंस. जत्रेत बोललेला वाऱ्यार गेला. रावण बरो केलंस. नाक तेवढा जास्त वर होता."

तो हसला. मला हसता आलं नाही. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "यंदा तुझी मंदोदरी कोण?"

"कोण नाय. दोघे-तिघे घेवन बघितले. सगळे पाठ करून येतत. मी इचारतंय एक, ते सांगतत भलताच. मगे मी बंदच केलंय. बाकड्याची तुझी बाजू मोकळी ठेवतंय. थंय बघून प्रश्न इचारतंय, वाईच थांबतंय, आणि फुडे जातंय."

"आणि लोक?"

"लोक म्हणतत, मंदोदरी आज रुसली हा."

फोन ठेवला. त्याच्या वाट्याचं मी इथे घडाघडा बोलून टाकलं आणि वर शाल घेतली. तो तिथे भर जत्रेत माझ्या उत्तरासाठी थांबतो.

तिकीट काढायला मला कोणी अडवलेलं नाही. बायको तर म्हणते, जत्रेच्या दिवसांत जाऊन ये. पण कुडाळात उतरलो की मी पुन्हा झेरॉक्सवाला. इथे मिठाईवाला मला ओळखतो ते कलाकार म्हणून, आणि मला ते आवडतं. टोचतं ते हेच. आत्मादाला हे सांगायची माझी छाती नाही, म्हणून तुम्हा सगळ्यांना सांगतो आहे. तुमच्यातलं कोणी त्याला वाचून दाखवेलच.

गाव विचारलं की मी कुडाळ सांगतो, पत्ता विचारला की सॉल्ट लेक. घर म्हणजे मात्र आता त्या बाकड्याची मोकळी बाजू. रावण तिच्याकडे वळून काहीतरी विचारतो, आणि अख्खी जत्रा क्षणभर माझ्या बोलण्याची वाट बघते.